यंत्राला भ्यावे की यंत्राच्या धन्याला?

खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. कोयता, विळा, शिवणयंत्र, मोटारसायकल, विहिरीवरचा पंप, कचेरीतला संगणक, कशालाही हळदकुंकू लावायचे आपण सोडत नाही. रोह्याशेजारच्या आमच्या वरशात आणि जवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत त्या दिवशी झेंडूची फुले पुरत नाहीत. आणि दसऱ्याचे सोने वाटून होते न होते, तोच त्याच घरांतून दुसरा सूर ऐकू येतो : "काही खरं नाही बुवा! हे यंत्र आता माणसाला गिळणार. पोरांच्या नोकऱ्या जाणार, डोकी जाणार, माणुसकी जाणार!" नवमीला देव आणि एकादशीला दैत्य! यंत्राशी आपला व्यवहार हा असा आहे. आपण त्याला ओवाळतो आणि त्याला शिव्याही घालतो. त्याच्याकडे डोळे उघडून पाहणे तेवढे आपल्याला जमत नाही.

मला ह्या भीतीशी भांडायचे आहे. भीती वाटूच नये, असे माझे म्हणणे नाही. भ्यायला जागा पुष्कळ आहे. पण आपण भितो ते भलत्याला, आणि ज्याला भ्यायला हवे त्याला मात्र मुकाट्याने खुर्ची देतो, हे माझे गाऱ्हाणे आहे. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार आहे. आणि भुई धोपटण्यात आपण गुंतलो असताना खरा साप खुशाल घरात फिरतो आहे.

ह्या भांडणाला निमित्त झाले ते जपानी चित्रपटांचे. सुट्टीत गावी आलेली मुले हल्ली मोबाइलवर ज्या जपानी चित्रकथा पाहतात, त्यांना ते 'ॲनिमे' म्हणतात. वडीलधाऱ्यांचे त्यावर दोन अभिप्राय ठरलेले. पहिला : "घोडे झाले तरी कार्टून बघतात!" आणि चुकून पडद्यावर मानेला तारा जोडलेली एखादी बाई दिसली की दुसरा : "असलं बघूनच पोरं बिघडतात!" हे दोन्ही अभिप्राय चित्रपट न पाहता दिलेले असतात, हे सांगायला नकोच. ज्या देशात व्यंगचित्रकाराला आपण मोठा मान देतो, त्या देशात हलणारे चित्र तेवढे पोरकट ठरावे, हे नवल आहे.

माझे म्हणणे उलट आहे. यंत्राविषयी ज्यांना खरोखर काळजी वाटते, त्यांनी ह्या मुलांशेजारी बसून त्यांतले दोन-चार चित्रपट पाहावेत. कारण जी भीती आपण अर्धवट उच्चारतो, ती जपान्यांनी तीसपस्तीस वर्षांपूर्वीच नीट मांडून ठेवली आहे. जपानी माणूस मुळातला यंत्रद्वेष्टा नव्हे. ओसामु तेझुका ह्या चित्रकाराने १९५२ साली 'ॲटम' नावाच्या यंत्रबालकाची कथा सुरू केली आणि १९६३ मध्ये तो मुलगा दूरचित्रवाणीवर आला. यंत्र असूनही तो घरोघरी लाडका झाला. ज्या देशाने १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी जळताना पाहिले, त्या देशाने आपल्या लाडक्या बाहुल्याचे नाव 'अणू' ठेवावे, ही साधी गोष्ट नाही. ज्यांना यंत्राने सर्वांत जास्त पोळले, त्यांनी यंत्राला राक्षस म्हणून मोकळे होण्याचा सोपा मार्ग पत्करला नाही.

आता ज्या चित्रपटाचे नाव ह्या संदर्भात नेहमी घेतले जाते, त्याकडे वळू. मासामुने शिरो ह्यांच्या चित्रकथेवरून मामोरु ओशिई ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'घोस्ट इन द शेल' हा चित्रपट १९९५ च्या नोव्हेंबरात आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले होते. आपण उंबरठ्यावर उभे होतो तेव्हा ही मंडळी माजघरातल्या गोष्टी बोलत होती. चित्रपटाची नायिका मोतोको कुसानागी ही पोलिसी कामातली अधिकारी. तिचे शरीर यांत्रिक आहे. आत उरला आहे तो थोडासा मेंदू आणि ज्याला ते 'घोस्ट' म्हणतात तो, म्हणजे आपल्या भाषेत जीव म्हणा, आत्मा म्हणा. "मी खरीच आहे की मला तसे वाटावे अशी व्यवस्था केलेली आहे?" हा तिचा प्रश्न आहे.

हा प्रश्न ऐकून आपण दचकावे, ह्याचेच मला आश्चर्य वाटते. परकायाप्रवेश ही गोष्ट आपल्या आजीला ठाऊक होती! शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले आणि शिष्य गुहेत त्यांचा मूळ देह राखीत बसले, ही कथा आपण लहानपणी ऐकली. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमून स्वतःला विसरले आणि गोरखनाथांनी मृदंग वाजवून त्यांना जागे केले, हीही ऐकली. प्रभातने १९३२ साली तिचा 'माया मच्छिंद्र' हा बोलपट केला आणि लोकांनी तो पाहिला. देह म्हणजे मी नव्हे, हे ज्या समाजाच्या कानावरून पिढ्यान्‌पिढ्या जाते, त्याने देह लोखंडाचा आहे एवढ्यावरून भेदरून जावे? लोखंडी देहात आपल्याला बुचकळ्यात टाकण्यासारखे काही नाही. बुचकळ्यात टाकणारी गोष्ट त्या चित्रपटात दुसरीच आहे, आणि ती ओझरती येऊन जाते. नोकरी सोडायची झाली तर हे शरीर सरकारला परत करावे लागेल, असे त्या बाईच्या बोलण्यात येते. शरीर तिचे नाही! ते नोकरीबरोबर मिळालेले आहे, कचेरीच्या टेबल-खुर्चीसारखे. वाचकहो, चित्रपटातले खरे भय हे आहे. शरीर यंत्र झाले ह्याचे भय नाही. त्या यंत्राच्या नोंदवहीत मालक म्हणून दुसऱ्याचे नाव आहे, ह्याचे भय आहे.

त्या चित्रपटात एक खलनायकही आहे. त्याला 'पपेट मास्टर' म्हणतात. आपण कळसूत्री म्हणू. तो माणसांच्या डोक्यात शिरून त्यांना नाचवतो. शेवटी कळते की हा कोणी माणूस नव्हेच. ती एक संगणकी प्रणाली आहे आणि आता ती स्वतःला सजीव म्हणवून आश्रय मागते आहे. इथे आपले भयवादी टाळ्या पिटतील : "बघा, यंत्र उलटलेच की नाही?" थांबा! ती प्रणाली बनवली कोणी? सरकारच्याच एका खात्याने, हेरगिरीसाठी आणि लोकांना परस्पर नाचवण्यासाठी. भांडे फुटले तेव्हा तेच खाते पुरावा दडवायला धावले. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. तिथे बाहुलीने बाहुलीला मारले तर प्रेक्षकांतले पोरसुद्धा बाहुलीवर रागावत नाही. ते वर, दोरी धरलेल्या बोटांकडे पाहते. ते पोर आपल्यापेक्षा शहाणे म्हटले पाहिजे.

कात्सुहिरो ओतोमो ह्यांच्या १९८८ च्या 'अकिरा'मध्येही तेच. शहर उद्ध्वस्त होते ते मुलांच्या अंगातल्या अद्भुत शक्तीने. पण त्या मुलांवर गुपचूप प्रयोग करणारे लष्कर असते. ह्या चित्रपटांतला भस्मासुर कधीही आपोआप जन्मत नाही. आणि आपल्या पुराणातलाही तो आपोआप जन्मला नव्हता! कोणीतरी पुढचामागचा विचार न करता वर दिला, म्हणून त्याच्या हाताला ती शक्ती आली. यंत्राची गोष्ट निघाली की भस्मासुराचा दाखला देणाऱ्यांनी कथेतला हा भाग सोयीने गाळलेला असतो.

कोणी म्हणेल, चित्रपटातल्या गोष्टी चित्रपटात. रायगड जिल्ह्यातल्या गृहस्थाला त्यांचे काय? म्हणून आता आपल्या मातीकडे येऊ.

त्या चित्रपटात एक कचरा वाहणारा माणूस आहे. तो आपल्या बायकोविषयी बोलतो, मुलीचा फोटो कौतुकाने दाखवतो. पोलीस त्याला सांगतात की तुला बायको नाही, मुलगी नाही. तू एकटा राहतोस. फोटोत त्याला मुलगी दिसते, तिथे प्रत्यक्षात तो स्वतःच आहे. कोणीतरी त्याच्या डोक्यात खोटी आठवण घातली आणि त्या आठवणीच्या जोरावर त्याच्याकडून गुन्हा करवून घेतला. हे वाचून अतिशयोक्ती वाटते? मग धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला चला. १ जुलै २०१८. बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे, असे निरोप कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. ते पाच जण नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. ज्यांच्या पंथाने मच्छिंद्र-गोरखांची नावे दारोदारी नेली, त्या पंथाची ही माणसे! त्यांना मारणाऱ्यांच्या मानेला कोणी तारा जोडल्या नव्हत्या. तरीही, न पाहिलेली टोळी त्यांना दिसली आणि पुढ्यातला भिक्षेकरी दिसला नाही.

हा दोष यंत्राचा म्हणायचा? हात माणसांचे होते; त्या हातांना मोबाइलवर ढकलून सुटका करून घेता येणार नाही. आणि यंत्र निर्दोष म्हणून सोडून द्यायचे? तेही नाही. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपच्या चालकांनी जाहीर केले की भारतात एक निरोप एका वेळी पाचापेक्षा अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही. ह्याचा अर्थ नीट पाहा. अफवेचा वेग हा काही निसर्गनियम नव्हता. तो कुठल्या तरी कचेरीत ठरवलेला होता आणि कचेरीतच कमी करता आला! मग तो आधी कमी का केला नव्हता, हा प्रश्न कोणाला विचारायचा? यंत्राला? यंत्राला विचारून काय उत्तर मिळणार? आपण मात्र तेव्हा "मोबाइल वाईट" म्हणालो, आणि ते वाक्यही मोबाइलवरूनच दहा जणांना धाडले!

१९९८ साली जपानी दूरचित्रवाणीवर 'सिरियल एक्स्पेरिमेंट्स लेन' ही तेरा भागांची मालिका आली. तिच्यात एका शाळकरी मुलीला मेलेल्या वर्गमैत्रिणीचे निरोप संगणकावर येऊ लागतात आणि जाळ्यातली अफवा हळूहळू गावातली वस्तुस्थिती होऊन बसते. राईनपाडा घडायच्या वीस वर्षे आधी ही गोष्ट मुलांसाठी-तरुणांसाठी कोणी सांगून ठेवली होती. "असलं बघून पोरं बिघडतात" म्हणणाऱ्यांनी ह्याचा हिशोब द्यावा. राईनपाड्याच्या जमावात जे हात उठले, ते चित्रकथा पाहून बिघडलेल्या पोरांचे नव्हते. आलेला निरोप खरा की खोटा हे विचारायची सवय नसलेल्या मोठ्या माणसांचे ते होते.

आता आमच्या कुंडलिकेचे उदाहरण घ्या. रोह्यावरून जाणाऱ्या ह्या नदीला भर उन्हाळ्यातही पाणी असते. कोलाडला पर्यटक तिच्यात होड्या सोडतात त्या ठरावीक वेळेला. ही कृपा भिऱ्याच्या वीजकेंद्राची. पुणे जिल्ह्यात मुळशीला टाटांनी धरण बांधले, पूर्वेला जायचे पाणी पश्चिमेला वळवले, सह्याद्रीच्या कड्यावरून नळांनी खाली सोडले आणि १९२७ साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला गेली. ह्या धरणाविरुद्ध १९२१ च्या एप्रिलात मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, तुरुंगात गेले. तो लढा हरला. पण मावळ्यांना कोणी अडाणी, विजेला भिणारे म्हणू लागला, तर तो इतिहासाशी खोटे बोलतो. ते विजेच्या दिव्याला भ्याले नव्हते. त्यांचा प्रश्न सरळ होता : आमची भातखाचरे बुडवून मुंबईत दिवा लागणार, तर हे ठरवताना आम्हाला कोणी विचारले?

तोच प्रश्न १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी विचारला. कोकणातल्या किती घरांचे कर्ते पुरुष त्या संपात होते! विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, ह्या नव्या पद्धतीविरुद्ध सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. माग मोडा, असे ते म्हणत नव्हते. मागावरच तर त्यांची चूल पेटत होती. मागाची संख्या वाढवताना माणसांची संख्या आणि मजुरी कोण ठरवणार, एवढेच ते विचारीत होते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने नोकऱ्या जातील म्हणून जो हाहाकार चालला आहे, त्यात हा प्रश्न मला ऐकूच येत नाही. "यंत्र नोकरी खाते" असे आपण म्हणतो. यंत्राला भूक नसते हो! कोणाला कामावरून काढायचे ह्या कागदावर कोणा माणसाचीच सही असते. आणि "यंत्र आले, आमचा इलाज नाही" असे म्हणून त्या सहीवर पांघरूण घालता येते, म्हणून धन्याला आपली ही भीती फार सोयीची पडते.

पेणकरांनी ह्या बाबतीत धडा घालून दिला आहे. पेण, उरण, पनवेल तालुक्यांत मोठे विशेष आर्थिक क्षेत्र व्हायचे घाटत होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांनी आग्रह धरला, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला तिथे शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. एन. डी. पाटलांसारखा म्हातारा लढवय्या त्यांच्या पाठीशी होता. ते क्षेत्र काही तिथे उभे राहिले नाही. कारखाना चांगला की वाईट, ह्यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे त्या बावीस गावांनी दाखवून दिले.

ह्यावर यंत्रभक्तांचा पक्ष उठून बसेल. तो भयवाद्यांपेक्षा अधिक टापटिपीचा असतो. "प्रगती कोणाला थांबवता येत नाही," हे त्याचे ब्रह्मवाक्य. आगगाडी आली तेव्हाही लोक भ्यालेच होते, देवीची लस आली तेव्हाही भ्यालेच होते, असे तो सांगतो. खरे आहे. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली आणि पुढे त्या लशीने असंख्य जीव वाचवले. तिला भिणारे चुकले होते. पण एक भीती खोटी ठरली म्हणून पुढचा प्रत्येक प्रश्न खोटा ठरतो, हे कुठले तर्कशास्त्र? हाफकिनने प्लेगची लस तयार केली, ती १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग लोकांपुढे धरली. आजचे किती यंत्रधनी आपले यंत्र आधी आपल्यावर चालवून पाहतात? प्रगती थांबवू नये हे मान्य. पण तिला वाट विचारू नये, हे कोणी सांगितले?

हा वाद वाऱ्यावरचा नाही. देशातले पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. माणसाचा अंगठा ही त्याची ओळख झाली. अंगठा सर्वांपाशी असतो, म्हणजे ही व्यवस्था गरिबाच्या सोयीची, असे वाटते. पण विटा वाहून, भांडी घासून, लावणीच्या चिखलात राबून ज्याच्या बोटांच्या रेघा झिजल्या, त्याचा अंगठा रेशनच्या दुकानातले यंत्र कधीकधी ओळखत नाही. दुसरी सोय नियमात असते. ती त्या दुकानात, त्या दिवशी, त्या म्हातारीला मिळतेच असे नाही. जन्मभर राबल्याचा पुरावा बोटांवर असावा, आणि त्याच पुराव्यापायी ती म्हातारी आपण स्वतः नसल्याचे ठरावे! "मी खरीच आहे का?" हा त्या जपानी नायिकेचा प्रश्न आमच्याकडे तत्त्वज्ञानाच्या वर्गात नव्हे, तांदळाच्या रांगेत उभा आहे. २०१२ च्या 'सायको-पास' ह्या मालिकेत एक यंत्रणा माणसाचे मन मोजून तो गुन्हेगार होईल की नाही ते ठरवते, आणि तिच्या निकालावर दाद मागायची सोय नसते. ती पाहताना तांदळाची ती रांग ज्याला आठवणार नाही, त्याला मी भाग्यवान म्हणेन, शहाणा म्हणणार नाही.

दाद मागता येते, हेही विसरू नका. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो निकाल यंत्र मोडणाऱ्यांनी मिळवला नाही. प्रश्न विचारणाऱ्यांनी मिळवला.

म्हणून ज्यांना यंत्राची काळजी आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच. नवे यंत्र दारात आले की त्याला ओवाळण्याआधी आणि त्याच्या नावाने बोटे मोडण्याआधी तीन गोष्टी विचारा. ह्याचा धनी कोण? चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची? आणि 'नको' म्हणायची सोय आहे का? ह्या तिन्हींना सरळ उत्तर मिळाले, तर यंत्र कितीही हुशार असो, त्याला घरात घ्या. एकालाही मिळाले नाही, तर ते साधे अंगठा घेणारे यंत्र असले तरी सावध राहा. यंत्र माणसासारखे बोलू लागले, चित्र काढू लागले, पत्रे लिहू लागले, म्हणून छाती धडधडण्याचे कारण नाही. माणसे यंत्रासारखी वागू लागली, आलेला निरोप पुढे ढकलू लागली, आलेल्या हुकमावर अंगठा उठवू लागली, तर मात्र धडधडावी.

आणि दिवाळीच्या चार दिवसांत घरची मुले मोबाइलवर ती जपानी चित्रे पाहत बसली, तर फराळाचे ताट घेऊन त्यांच्याजवळ बसा. कथा कळली नाही तर त्यांना विचारा. मुलांना समजावून सांगायला आवडते. मग त्यांना कुंडलिकेचे पाणी कुठून येते ते तुम्ही सांगा, मुळशीत काय झाले ते सांगा, राईनपाड्याला काय झाले तेही सांगा. ती मुले पुढे यंत्रे बनवणार आहेत, चालवणार आहेत. त्यांतली काही यंत्रांची धनीही होतील. धन्याला प्रश्न विचारावेत, हे त्यांच्या कानावर आजच पडलेले बरे.